हलिमामावशीच्या बाळंतिणी

दोन वर्षांत आमच्या घरी दोनदा झोळी बांधली आणि दोन्ही वेळा ती पंधरा दिवसांच्या आत आढ्यावरून सोडली. माझी धाकटी बहीण हिरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा सतरा वर्षांची होती. मुलगा झाला, तो बाराव्या दिवशी गेला. पुढच्या वर्षी मुलगी झाली, ती नवव्या दिवशी. दोन्ही मुलं जन्मली तेव्हा चांगली रडली होती, हातपाय मारत होती. पण हिराला दूधच आलं नाही. शेजारच्या शेळीचं दूध पाणी घालून कापसाच्या बोळ्यानं पाजलं, ते काही अंगी लागलं नाही.

आमची परिस्थिती सांगायची तर अशी. आजोबांची भातखाचरं लोणावळ्याच्या अंगाला होती. धरण झालं, तळं भरलं आणि खाचरं पाण्याखाली गेली. मोबदला मिळाला असेल तर तो माझ्या जन्माआधीच संपला होता. माझे वडील, आबा, कान्ह्याला येऊन रेल्वेच्या ग्यांगमध्ये लागले. खडी भरायची, रूळ ठोकायचे. घर रुळाच्या कडेला, मुलाण्याच्या परड्याला लागून. मेल गेली की फळीवरची भांडी वाजायची. गाय बांधायला जागा नव्हती आणि दूध विकत घ्यायची ऐपत नव्हती.

मी तेव्हा पुण्याला कॉलेजात होतो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, हे मी कधी लपवलेलं नाही. नादारी मिळून फी माफ झाली होती आणि एका घरी मुलांना शिकवून दोन वेळचं जेवत होतो. पण सुटीत घरी आलो की माझ्या शिकण्याचा त्या घरात कुणाला काडीचा उपयोग नव्हता.

उन्हाळ्याच्या सुटीत, चैत्राच्या अखेरीस, हिराला पुन्हा दिवस गेले म्हणून सासरच्यांनी तिला आणून सोडलं. दुसराच महिना होता. सासूनं उंबऱ्यातच सांगितलं, "आमच्या घरात हिला काय व्हायला नको. तुमची लेक, तुमी बघा." आबांनी तिला लोणावळ्याला डॉक्टरकडं नेलं, बरोबर मीही गेलो. डॉक्टरनं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला म्हणाला, "रक्तच नाही हिच्या अंगात. दूध, पालेभाजी, आणि रोज एक अंडं तरी द्या. पुढं तर लागेलच लागेल."

रोज एक अंडं. लढाईचे दिवस होते. कामशेतच्या बाजारात लष्कराच्या ठेकेदाराची माणसं बसायची आणि कोंबडी दिसली की उचलायची, अंडं दिसलं की उचलायची. पैसा रोख मिळतो म्हणून लोकांनी खुराडी रिकामी केली होती. कान्ह्यात सकाळी कोंबडा आरवायचा तो एखादाच.

त्या वेळी आमच्या घरात शिरली ती हलिमामावशी. शिरली म्हणजे काय, ती कायमचीच आत होती. आमच्या आणि तिच्या परड्यामध्ये कुंपण म्हणून एक निवडुंगाची रांग होती, आणि त्यात तिच्या येण्याजाण्यानं वाट पडली होती.

हलिमामावशी पन्नाशीची, उंच, हाडापेरानं मोठी. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं. नवरा गावचा मुलाणी होता. गावात कुणाच्या घरी बकरं कापायचं, कोंबडं कापायचं ते मुलाण्यानं, ही गावची रीत. तो वारल्यावर ते काम धाकट्या दिराकडं, बाबूभाईकडं गेलं. मावशीला मूलबाळ नव्हतं. ती गावची सुईण होती. कान्ह्यातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, मीसुद्धा. बाबूभाई पारावर बसून म्हणायचा, "भावजय आणती, मी पोचवतो. गावाचा सगळा कारभार आमच्याच घरात!" त्यावर मावशी परड्यातूनच ओरडायची, "तुजी सुरी बोथट झालीया बाबू, आदी ती बघ!"

तिच्या दोन-तीन सवयी मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. कामाला जाण्याआधी ती राखेनं आणि कढत पाण्यानं कोपरापर्यंत हात धुवायची. नखं वाढू द्यायची नाही. दगडावर घासून ती इतकी आखूड केलेली की बोटांची टोकं गुळगुळीत दिसायची. पोटाला कान लावून ऐकताना तिचं तोंड जरा उघडं राहायचं आणि अशा वेळी घरातलं कुणी खाकरलं तरी ती हातानं गप्प करायची. आणि ती धीर कधी द्यायची नाही. "मावशी, कसं हाय?" असं विचारलं की इतर बाया म्हणतात तसं "हुईल चांगलं" तिच्या तोंडून येत नसे. ती म्हणायची, "अजून हाय." एवढंच. माणसं त्यानं घाबरायची. मला वाटतं ती स्वतःही घाबरलेलीच असायची आणि खोटं बोलायला तिला जमत नव्हतं.

हिराला लोणावळ्याहून आणल्याला आठ-नऊ दिवस झाले असतील. दुपारी मावशी निवडुंगातून आली ती काखेत टोपली घेऊन. टोपलीत भाताचा तूस आणि तुसात अंडी. तेरा. तिनं ती कशी जमवली ते नंतर कळलं. बाळंतपण केलं की तिला चोळीचा खण आणि पायलीभर भात मिळायचा. त्या आठवड्यात ती कामशेतपासून पार आंबीपर्यंत ओळखीच्या घरांतून पायी हिंडली आणि सगळीकडं एकच म्हणाली, "खण नको, भात नको. घरात अंडं असंल तर दे."

आईनं टोपली बघितली आणि तिचे डोळेच भरले. तिनं फळीवरची वाटी काढली.

"ठेव ती वाटी, वयनी," मावशी म्हणाली. "ही खायाची न्हाईत."

"खायाची न्हाईत? मग काय पुजायची?"

"बसवायची. माजी काबरी खुडूक झालीया."

खुडूक म्हणजे अंडी देणं थांबवून उबवायला बसू पाहणारी कोंबडी. मावशीकडं ती एकच उरली होती, ठिपक्याठिपक्यांची. बाबूभाईच्या आणि ठेकेदाराच्या नजरेपासून तिनं ती माळ्यावर डालून ठेवली होती.

आईनं हिराकडं बोट केलं. "तिच्या तोंडाकडं बघ जरा. आन तू तेरा अंडी कोंबडीखाली घालनार?"

"तेरा दिस खाईल. चौदाव्या दिशी काय देशील?"

"मग तुज्या काबरीला पान्यात बुचकाळ. चार दिसांत खुडूकपना मोडंल. देईल अंडी."

"एक कोंबडी. दिवसाआड एक अंडं. पंधरा दिस जात न्हाईत तर पुन्यांदा खुडूक." मावशी खाली बसली. "वयनी, हिला खरी गरज आत्ता न्हाई. दिवाळीफुडं हाय. मूल पोटात हाय तवर आईच्या हाडातनं ओढून घेतंय. भाईर आल्यावर ओढाया काय ऱ्हायलंच न्हवतं, म्हनून दोन्ही गेली."

आमच्या घरात ही गोष्ट इतक्या उघडपणे कुणी बोललं नव्हतं. आईचा चेहरा उतरला. मग तिनं विचारलं, "आन पिल्लंच जगली न्हाईत तर?"

मावशी हिराकडं वळली. "तू सांग गं."

हिरा भिंतीला टेकून बसली होती. तिला त्या दिवसांत बसल्या जागी घेरी यायची. ती म्हणाली, "बसवा, मावशी. सारखं सारखं मोजून खायचं न्हाई मला."

आई त्यानंतर एकवीस दिवस हलिमामावशीशी बोलली नाही.

मी कॉलेजवाला. मला हिशेब करता येत होता. एकवीस दिवसांनी पिल्लं, त्यातल्या माद्या अंड्यावर यायला साडेपाच-सहा महिने, म्हणजे दिवाळी. हिराचे दिवस भरणार मार्गशीर्षात. मधल्या सगळ्या पावसाळ्यात पिल्लं जगवायची, आणि मावळचा पावसाळा म्हणजे उशीखालची काड्यापेटीसुद्धा सादळते. मी मावशीच्या दाराच्या फळीवर कोळशानं तारीख लिहून ठेवली, पिल्लं निघण्याची. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिनं ती ओल्या फडक्यानं पुसलेली. "मास्तर," ती मला तेव्हापासूनच मास्तर म्हणायची, "तारीक वाचाया येती व्हय रं तिला?"

काबरीला तिनं घरात ज्या कोपऱ्यात बसवलं ती चक्क बाळंतिणीची खोली होती. पुढं गोणपाटाचा पडदा. टोपलीखाली कोंड्याची दोन पोती, कारण मेल गेली की जमीन हादरायची आणि अंडी हलली तर आतला जीव सुटतो, असं तिचं म्हणणं. पोत्यांखाली जुना विळा, बाळंतिणीच्या उशाशी ठेवतात तसा. पडद्याच्या आत कुणी जायचं नाही, चपलेचा आवाज करायचा नाही. दिवसातून एकदा ती काबरीला दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणायची, कोमट पाणी आणि कणी पुढं ठेवायची, आणि कोंबडी खाऊन होईपर्यंत टोपलीवर आपला पदर पसरून उभी राहायची. एकदा बाबूभाईनं पडद्याआड डोकं घातलं तर तिनं त्याला लाटण्यानं हाणलं. "बाळंतीन हाय तितं! लाज न्हाई वाटत?"

"आगं, पन मी तर दीर हाय!" बाबूभाई डोकं चोळत म्हणाला. गाव आठवडाभर हसलं.

सातव्या दिवशी तिनं खिडकीच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपेपुढं एकेक अंडं धरून पाहिलं. अकरांत लाल शिरांचं जाळं दिसलं. दोन नुसती पिवळी, पोकळ. ती तिनं परड्यात नेऊन पुरली. आई आमच्या मागच्या दारात उभी राहून ते बघत होती. मग तिनं दार लावून घेतलं, जरा जोरात.

विसाव्या दिवशी कोमट पाण्याच्या परातीत मावशीनं अंडी सोडली. ती पाण्यावर डुलायला लागली, आपोआप, जणू आत कुणी कूस बदलत होतं. मग एकेक अंडं पुसून कानाला लावलं, तोंड जरा उघडं. मी विचारलं, "काय ऐकू येतं?" तिनं हातानं गप्प केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत काबरीच्या पंखांखालून अकरा पिल्लं डोकावली. पिवळी, तपकिरी, एक पार काळं. त्या संध्याकाळी आई निवडुंगातून पलीकडं गेली आणि बराच वेळ आली नाही. परत आल्यावर म्हणाली, "कणी बारीक पायजे. आपल्याकडची ने म्हणावं." एवढ्यावर त्यांचा अबोला संपला.

खरी काळजी मृगात सुरू झाली. त्या वर्षी पाऊस लवकर लागला आणि लागला तो उघडायचं नावच घेईना. पिल्लं महिन्याची झाली होती, आईच्या पंखाखाली मावेनाशी झालेली. घरातल्या भिंतींना ओल फुटली. एका दुपारी पिल्लं एकाजागी गोळा होऊन बसली, पंख लोंबते, डोळे मिटलेले. मावशी माझ्या आईला बोलवायला आली, तिचा चेहरा पार पांढराफटक पडला होता.

मी तेव्हा तिथं होतो. कॉलेज सुरू व्हायला चार दिवस होते. मावशीनं जे केलं ते आमच्याकडची कुठलीही बाई न्हाऊ घातलेल्या बाळासाठी करते. शेगडीत निखारे घेतले, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा टाकला. पिल्लांवर डालं पालथं घातलं, शेजारी शेगडी, आणि धूर मुरावा म्हणून वरून घोंगडी. बाळ-बाळंतिणीला धुरी देतात ती अशीच. ती शेजारी बसून राहिली, घोंगडीचं टोक जमिनीला घट्ट दाबून. आतून चिवचिव येत होती ती कमी झाली. "ऊब लागली," आई म्हणाली. मावशीही हो म्हणाली. मलाही तसंच वाटलं, आणि मी तेव्हा नुकतीच इंटर सायन्सची परीक्षा देऊन आलो होतो.

घोंगडी काढली तेव्हा अकरातली चार आडवी पडली होती.

काळं पिल्लू त्यातच होतं. मावशीनं चारही पिल्लं ओंजळीत घेतली, एकेकाच्या चोचीवर फुंकर मारली, पुन्हा पुन्हा मारली. मग ती तशीच बसली. उरलेली सात धडपडत बाहेर आली आणि दाराच्या वाऱ्याकडं धावली, ते तिनं पाहिलंही नाही.

"पोराचं तोंड आपन घोंगडीच्या भाईर ठेवतो," ती म्हणाली. "ह्यांचं तोंडबी आतच ऱ्हायलं. माज्या ध्यानातच आलं न्हाई."

हिरा दारात आली होती, चौथा महिना, हात कमरेवर. मावशीनं तिच्याकडं वर पाहिलं.

"हिराबाय, मंग तुज्या दोघांच्या टायमालाबी माज्या ध्यानात न्हाई आलं असं काय तरी झालं असंल का गं?"

तो प्रश्न ती दोन वर्षं जवळ बाळगून होती. आमच्या आईच्या मनातही तो होता. पहिलं मूल गेलं तेव्हा आबांपाशी ती तसं कुजबुजली होती, मी ऐकलं होतं. मी आईकडं पाहिलं. ती काय बोलेल याची मला खरोखर भीती वाटली.

आईनं शेगडी उचलून बाहेर नेली, पावसात उपडी केली. आत आली. मावशीच्या ओंजळीतली चार पिल्लं काढून घेतली.

"ऊठ, हलिमा," ती म्हणाली. "सात राहिल्यात. त्येंला कोन बघनार, मी? मला काय कळतंय त्यातलं?"

मावशी उठली. पण त्यानंतर तिचा हात थोडा बदलला. काहीही करायच्या आधी ती जरा थांबायची. जणू कुणाला तरी विचारायची.

पुढचं मी तुकड्यातुकड्यांनी पाहिलं, कारण मी पुण्याहून महिन्यातून एखाद्या रविवारी येत असे. कान्हे स्टेशनात उतरलो की फाटकापाशी आबा असले तर पहिला प्रश्न हिराचा आणि दुसरा पिल्लांचा. आबांनाही दोन्हींची उत्तरं बरोबर ठाऊक असायची. श्रावणात तुरे दिसू लागले तेव्हा कळलं की सातात तीन नर आहेत आणि चार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या माद्या. नर काय अंडं देणार नव्हते. एका रविवारी बाबूभाई सुरी घेऊन निवडुंगातून आला आणि पहिल्यांदाच काही थट्टा न करता म्हणाला, "रस्सा कर पोरीसाठी. कलेजी तिलाच द्या." मावशी त्या दिवशी नदीवर धुणं घेऊन गेली ती उन्हं कलेपर्यंत आलीच नाही.

भाद्रपदात कामशेतमध्ये कोंबड्यांत मर पडली. माना वाकड्या करून, हिरवं हगून कोंबड्या मरायच्या, सकाळी धडधाकट दिसलेली संध्याकाळी गेलेली. चार दिवसांत रोग कान्ह्यात आला. मावशीची काबरी पहिल्या फेऱ्यातच गेली. तीच त्या चौघींची आई. मावशीनं तिला पुरलं, जागा राखेनं झाकली, आणि त्याच दुपारी तलंगा डाल्यात घालून, डालं डोक्यावर घेऊन ती गावाबाहेर निघून गेली. आमच्या ओळखीच्या एकाची नदीकडं भातखाचरांत राखणीची खोपी होती. तिथं.

त्या रविवारी मी तिला भेटायला गेलो तर बांधावरूनच ओरडली, "हितं येऊ नगंस! कामशेतवरनं आलास न्हवं?"

"न्हाई मावशी, गाडीनं आलो, कान्ह्याला उतरलो."

"गाडीत कामशेतची मानसं न्हवती व्हय?"

मी बांधावर उभा, ती खोपीच्या दाराशी, मध्ये पोटरीएवढं पाणी आणि भात. अंगावर इरलं, पाऊस त्यावरून निथळतोय. ती हिराचं विचारत राहिली. पायांना सूज आहे का, भाकरी जाते का, मूल हलतं का, कुठल्या अंगाला हलतं. मी लाजत लाजत उत्तरं दिली. मग मी विचारलं, "तलंगा कशा आहेत?"

"अजून हायेत."

या खोपीतून तिला सुईणीच्या कामाला बोलावणं आलं तेव्हाची गोष्ट आईनं मला सांगितली. बोलावणं ज्या घरातून आलं त्याच घरात मरीनं सहा कोंबड्या गेल्या होत्या. मावशी क्षणभरही थांबली नाही, निघाली. मुलगा सुखरूप झाला. त्यानंतर ती खोपीकडं न जाता सरळ इंद्रायणीवर गेली. नदीला लाल पाणी, काठावर उतरायला कुणी धजत नव्हतं. तिनं कमरेएवढ्या पाण्यात अंगावरच्या लुगड्यासकट तीन बुड्या मारल्या, ते लुगडं तिथंच झुडपावर टाकलं, आईनं काठावर नेऊन ठेवलेलं दुसरं नेसली आणि मगच खोपीत गेली. आई काठावर उभी राहून तिला शिव्या देत होती. "वाहून जाशील, भवाने! तुज्याबिगर त्या पोरीचं कोन करनार?"

आईनं हे सांगताना पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की घरात मार्गशीर्षाची भीती फक्त मला नाही.

एवढं करून एक तलंग गेलीच. तीन राहिल्या. नवरात्र संपल्यावर मावशी डालं घेऊन परत आली, काळवंडलेली, खोकत. आल्याआल्या हिराच्या पोटाला कान लावला. बराच वेळ. आई, आबा, मी, कुणी हललं नाही. रुळावरून मालगाडी गेली, ती जाईपर्यंत तिनं डोकं उचललं नाही. मग उठून म्हणाली, "जागा चुकल्यालं हाय जरा. येईल सरळ." त्या बाईच्या तोंडून एवढी मोठी खात्री मी त्याआधी ऐकली नव्हती.

दिवाळीच्या सुटीत मी घरी होतो. नरकचतुर्दशी झाली, पाडवा झाला. तिन्ही तलंगांचे तुरे लाल झाले होते, मावशीनं कोपऱ्यात तुसाची टोपली ठेवली होती, पण अंडं काही येईना. आई रोज निवडुंगापर्यंत जायची आणि परत यायची. भाऊबीजेला हिरानं मला ओवाळलं तेव्हा तिचे हात इतके बारीक दिसले की मी ताटात काय टाकलं ते मला आठवत नाही. त्याच दिवशी दुपारी परड्यात कोंबडीचा कलकलाट झाला आणि लगेच मावशीची हाक आली, "वयनी!" हाक इतकी मोठी की स्टेशनातला सांधेवाला बाहेर येऊन बघायला लागला.

ती पदराखाली हात धरून आली. अंडं लहान, सुपारीहून थोडं मोठं, कवचावर रक्ताची एक रेघ. पहिलं अंडं तसंच असतं म्हणाली. अजून गरम होतं. आईनं ते दुधात फेटलं, शेळीच्या. हिरा ते प्यायली. आम्ही चौघं तिच्याकडं बघत बसलो होतो. तिनं वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "असं काय बघताय? एका अंड्यानं काय मी नाचाया लागू?" आणि आबा हसले. ते फार क्वचित हसत.

त्यानंतर तिघींनी पाळी धरली. कधी दिवसाला एक, कधी दोन. हिराची बोटं हळूहळू तांबूस दिसू लागली. मी पुण्याला परत गेलो, परीक्षा होती. मार्गशीर्षात पोस्टकार्ड आलं, स्टेशनमास्तरांनी आबांच्या सांगण्यावरून लिहिलेलं: हिराबाई सुटली, मुलगी झाली, सर्व क्षेम. मला "सर्व क्षेम" या शब्दांवर विश्वास ठेवता येईना. आधीच्या दोन्ही वेळीही पत्रात तेच लिहिलं होतं.

तेरावा दिवस उलटला त्यानंतर मी आलो, मुद्दाम. त्याआधी यायचं धाडस झालं नाही, हे खरं आहे. घरात शिरलो तर झोळी आढ्याला बांधलेली. जवळ गेलो. पोरीचं तोंड दुधानं माखलेलं, झोपलेली. मावशी जमिनीवर भिंतीला टेकून झोपली होती, बसल्या बसल्या, तोंड उघडं. आई हलक्या आवाजात म्हणाली, "तेरा दिस झाले, घरी गेली न्हाई ती."

मावशीचं शेवटचं दर्शन त्यानंतर दीड-दोन वर्षांनी झालं. माझा बी.एस्सी.चा निकाल लागला होता. पहिल्या गाडीनं निघालो. कान्ह्याला उतरलो तर ती रूळ ओलांडून आंबीच्या वाटेला लागलेली, काखेत गाठोडं, पुढं एक घाबरलेला माणूस चालतोय, बायको अडली असणार. मी मोठ्यानं सांगितलं, "मावशी, पास झालो!"

ती थांबली नाही. मान वळवून म्हणाली, "व्हय, तुज्या तोंडावरनंच कळलं. रुळावरनं सर बाजूला, मालगाडी येतीया." आणि त्या माणसाला म्हणाली, "चल की रं, बघतोस काय?" मालगाडी मध्ये आली. डबे संपेपर्यंत ती पलीकडच्या झाडांमागं गेली होती. नोकरी लागून मी नाशिककडं गेलो, आणि पुढच्या पावसाळ्यात ती गेल्याचं आईनं कळवलं.

हिराची ती मुलगी जगली. तिच्यानंतरचे दोन मुलगेही जगले. आज हिराच्या परड्यात तीस कोंबड्या आहेत, त्यांची पिल्लं ती स्वतः वाढवते, आणि थोरल्या मुलीनं यंदा मॅट्रिकचा फॉर्म भरला आहे.